टाकळीची गोगलगाय आणि उत्पत्तीचे पहिले पान

नागझिऱ्याच्या तळ्याकाठी पहाट होते तेव्हा आधी पाणी दिसत नाही, पाण्यावरचे धुके दिसते. मग पलीकडच्या काठावरील ऐनाच्या खोडांना हळूहळू आकार येतो, कुठेतरी रानकोंबडा आरवतो आणि अंधार व उजेड एकमेकांपासून सुटे होतात. ज्याने लहानपणापासून उत्पत्तीचा पहिला अध्याय ऐकला आहे, त्याला त्या घटकेस तो आठवल्याखेरीज राहत नाही. मलाही आठवला, आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या भाच्याला मी तसे बोलून दाखविले. तो त्या वेळी नागपूरला भूशास्त्र शिकत होता. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, त्या अध्यायावरूनच माझे बिनसले आहे. मी मिस्साला जाणे सोडले आहे. आईला अजून सांगितलेले नाही."

कारण साधेच होते. एका मेळाव्यात कुणा प्रवचनकाराने ठासून सांगितले होते की, चोवीस तासांचे सहा दिवस जो मानीत नाही तो ख्रिस्ती नव्हे. आणि वर्गात त्याच्या हातात जो दगड दिला जात होता तो दोन अब्ज वर्षांहून जुना होता. "दोहोंपैकी एक खोटे असणार," तो म्हणाला, "आणि आकाश व पृथ्वीच्या निर्मात्यावर माझी श्रद्धा आहे असे रविवारी सर्वांसमोर म्हणताना मला खोटे बोलल्यासारखे वाटते."

मुलगा प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक मुलाला गप्प बसविण्याइतके सोपे व वाईट काम दुसरे नाही. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी विचारले होते की सूर्य जर चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर पहिले तीन दिवस मोजले कसे? मला बाकावर उभे करण्यात आले. हाच प्रश्न तिसऱ्या शतकात ऑरिजेनसारख्या थोर ख्रिस्ती पंडिताने विचारला होता, हे मला समजायला पुढे तीस वर्षे लागली. म्हणून भाच्याला मी उपदेश केला नाही. त्याच्याच शहरातील एका माणसाची हकीकत सांगितली. तीच येथे थोडी विस्ताराने लिहीत आहे.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे हे पुष्कळांना ठाऊक असते. ते ज्यांच्या नावाने १८८३ साली सुरू झाले ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप कोण, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. स्कॉटलंडमधील डन्स या गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी त्यांचा जन्म झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नागपुरात सीताबर्डीची लढाई झाली आणि भोसल्यांच्या राज्यावर इंग्रजांची पकड बसली. हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. हा पंथ १८४३ मध्ये वेगळा झालेला, आणि रोमविषयी त्याची मते काही गोड नव्हती, हे आपण आपल्या त्रैमासिकात लपविण्याचे कारण नाही. १८४५ च्या आरंभी ते नागपुरास पोहोचले. तेथे त्यांनी शाळा काढली, मराठी आत्मसात केली, खेडोपाडी हिंडून शुभवर्तमान सांगितले. या हिंडण्यातच त्यांची दुसरी विद्या वाढली. रस्त्याच्या कडेचा दगड ते उचलून पाहत.

नागपूर हे गाव भूशास्त्राच्या दृष्टीने मोठ्या मोक्याच्या जागी वसले आहे. पश्चिमेकडून आलेला दख्खनचा काळा पाषाण, ज्याने आपली सह्याद्रीची लेणी व वसईच्या किल्ल्यामागचे सारे डोंगर घडले, तो येथे संपत येतो. आणि पूर्वेस, भंडारा-गोंदियाकडे, त्याहून कितीतरी प्राचीन खडक उघडे पडतात. सीताबर्डीच्या टेकडीत हे दोन काळ एकमेकांवर रचलेले दिसतात. शहराच्या पश्चिमेला टाकळी नावाची जागा आहे. तेथे १८५१ च्या सुमारास हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये मातीचा एक पातळ पट्टा दिसला, आणि त्या पट्ट्यात दगड झालेल्या लहान लहान गोगलगायी सापडल्या. समुद्रातल्या नव्हेत, गोड्या पाण्यातल्या.

या गोगलगायींचा अर्थ काय होतो ते नीट पाहू. काळा पाषाण म्हणजे एके काळचा लाव्हा. तो तापलेला असताना त्यात कोणताही जीव तगणे शक्य नाही. म्हणजे लाव्हारसाचा एक लोट आला, पसरला, थंड झाला. मग त्याच्यावर पाऊस पडला, खळग्यांत पाणी साचले, तळी झाली, तळ्याच्या काठी झाडे उगवली, पाण्यात गोगलगायी आल्या. त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या झाल्या, मेल्या, चिखलात रुतल्या. त्यानंतर पुन्हा लाव्हारसाचा लोट आला आणि त्या तळ्यावर झाकण बसले. असे एकदा नव्हे, अनेकदा घडले. प्रत्येक पातळ पट्टा म्हणजे दोन अग्निप्रलयांच्या मधला एक दीर्घ शांत काळ. ज्याच्या हातात ही गोगलगाय आली, त्याला पृथ्वीचे वय सहा हजार वर्षांत बसविणे कठीण होते. ती गोगलगाय कुणाशी वाद घालीत नाही. तिला जगायला वेळ लागला, एवढेच ती सांगते.

सहा हजार वर्षे हा आकडा कोठून आला, हेही येथेच सांगून टाकतो. तो बायबलमध्ये कोठेही लिहिलेला नाही. आयर्लंडमधील जेम्स अशर या प्रॉटेस्टंट आर्चबिशपांनी १६५० साली बायबलमधील वंशावळ्यांतील वयांची बेरीज करून निर्मितीचा दिवस काढला : इसवी सनापूर्वी ४००४, ऑक्टोबरची २३ तारीख. पुढे १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात ही सनावळी छापली जाऊ लागली आणि समासातील मजकूर शास्त्रवचनाच्या बरोबरीला जाऊन बसला. अशर हे मोठे विद्वान होते, त्यांना हसण्याचे कारण नाही. त्या काळी इतिहास मोजण्यास दुसरे साधन नव्हते.

साधन निर्माण होऊ लागले होते, आणि त्यात आपल्या ख्रिस्तसभेचा एक सुपुत्र होता. नील्स स्टेन्सन, ज्यांना लॅटिनमध्ये स्टेनो म्हणतात, हे डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ १६६६ मध्ये फ्लोरेन्स येथे एका प्रचंड शार्क माशाचे डोके तपासत होते. त्याचे दात आणि डोंगरात सापडणारे 'जिभेचे दगड' हुबेहूब सारखे आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यावरून विचार करीत त्यांनी १६६९ मध्ये एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला व खडकांच्या थरांचा नियम मांडला : खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. आजचे सारे भूशास्त्र या एका वाक्यावर उभे आहे. मधल्या काळात, १६६७ साली, ते कॅथलिक झाले होते; पुढे धर्मगुरू झाले, १६७७ मध्ये बिशप झाले, आणि उत्तर जर्मनीत गरिबांबरोबर गरिबीत राहून १६८६ साली वारले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले तो दिवस २३ ऑक्टोबर १९८८. अशर यांच्या पंचांगाप्रमाणे तो पृथ्वीचा वाढदिवस! रोममध्ये कुणी हे जुळवून आणले असेल असे वाटत नाही. पण मला ही तारीख वाचून हसू आले खरे.

हिस्लॉप व हंटर यांनी नागपूरच्या भूस्तरांविषयीचा आपला निबंध लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेकडे पाठविला व तो १८५५ मध्ये छापून आला. आजारपणामुळे हंटर त्याच वर्षी मायदेशी परतले. हिस्लॉप शोधत राहिले. कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या वालुकाश्मात त्यांना जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले; शास्त्रात ही वनस्पती 'ग्लॉसॉप्टेरिस' म्हणून ओळखली जाते. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथील एका जलस्थलचर प्राण्याची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन या प्रख्यात शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन केले. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथे राक्षसी आकाराच्या सरड्यांची हाडे मिळाली, त्यांना आपण आज डायनोसॉर म्हणतो. हिस्लॉप यांचे सगळेच अंदाज बरोबर ठरले नाहीत. पानांचे खडक त्यांना वाटले त्याहून जुने निघाले, आणि टाकळीचा थर ते तृतीयक काळातला मानीत. आता दख्खनच्या पाषाणाचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास धरतात. पण चूक झाली ती दगड नीट न वाचल्यामुळे नव्हे, तेवढेच दगड तोवर हाती आले होते म्हणून.

सिलेवाड्याच्या या पानाला पुढे फार मोठी कीर्ती लाभली. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती हिमवादळात मरण पावले. त्यांच्याजवळ सुमारे सोळा किलो दगड सापडले. जीव जात असतानाही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिसचेच ठसे होते. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व दक्षिण ध्रुव एके काळी एक होते, याचा तो पुरावा ठरला. त्या लुप्त महाखंडाला एडुआर्ड स्यूस यांनी १८८५ मध्ये नाव दिले ते गोंडवन. म्हणजे ज्या गोंडांच्या पाड्यांवरून आपण नागझिऱ्याला जातो, त्यांचे नाव शास्त्राने पृथ्वीच्या अर्ध्या भागाला दिले आहे. भाच्याला हे परीक्षेसाठी पाठ होते. समोरच्या बाईच्या डोक्यावरील मोहाच्या टोपलीशी त्याचा काही संबंध आहे, हे मात्र त्याच्या लक्षात आले नव्हते.

आता मुख्य प्रश्न. रविवारी उत्पत्तीचे वाचन करणारा हा मिशनरी सोमवारी गोगलगायी कशा वेचीत असे? त्यांच्या अंतःकरणात मी शिरू शकत नाही. पण ज्या पंथातून ते आले, त्याची हवा आपल्याला माहीत आहे. त्या पंथाचे पुढारी थॉमस चामर्स एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनच शिकवीत की मोशेच्या लेखनाने पृथ्वीचे वय ठरविलेले नाही. त्याच पंथाचे ह्यू मिलर, मूळचे पाथरवट व पुढे संपादक, उत्पत्तीचे सहा दिवस म्हणजे सहा प्रदीर्घ युगे असे मांडीत. अशा वडीलधाऱ्यांच्या छायेत वाढलेल्या माणसाला दगड हा शत्रू वाटण्याचे कारण नव्हते. माझे मत विचाराल तर मिलर यांचा तोडगा आज टिकत नाही. दिवसाला युग म्हटले तरी सूर्याच्या आधी वनस्पती येतातच. कुलपाला किल्ली बसत नाही म्हणून ती कानशीने घासत बसण्यासारखे ते आहे. किल्लीच दुसऱ्या कुलपाची असेल, तर?

हे आपल्या ख्रिस्तसभेने फार पूर्वी ओळखले होते. संत ऑगस्टिन यांनी उत्पत्तीच्या शब्दार्थावर बारा भागांचे भाष्य लिहिले. सुमारे ४०१ ते ४१५ अशी चौदा-पंधरा वर्षे ते त्यावर खपत होते. निर्मितीचे दिवस आपल्या सूर्याच्या दिवसांसारखे असतीलच असे ते मानीत नाहीत. आणि त्याच ग्रंथात ते ख्रिस्ती माणसाला बजावतात की आकाश, तारे, प्राणी, दगड यांविषयी अख्रिस्ती माणसालाही अनुभवाने ज्ञान असते. अशा माणसापुढे शास्त्रवचनाचा आधार घेऊन काहीबाही बरळू नका, कारण मग पुनरुत्थानाविषयी तरी तो तुमचे का ऐकेल? सोळाशे वर्षांपूर्वीचा हा इशारा त्या मेळाव्यातील प्रवचनकाराच्या कानी पडला असता, तर माझ्या बहिणीच्या घरातील एक दुःख टळले असते.

पुढचा इतिहास थोडक्यात. बायबलविषयक परमधर्मपीठीय मंडळाने १९०९ मध्ये मान्य केले की 'दिवस' हा शब्द विशिष्ट कालखंड या अर्थानेही घेता येईल. १९४३ मध्ये पोप बारावे पायस यांनी शास्त्राभ्यासकांना प्राचीन लेखनप्रकार ध्यानात घेऊन अर्थ लावण्यास सांगितले, आणि १९५० मध्ये मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी संशोधन करण्यास मोकळीक दिली. आत्मा मात्र परमेश्वर साक्षात निर्माण करतो, हे कायम ठेवून. २२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी परमधर्मपीठीय विज्ञान अकादमीला लिहिले की उत्क्रांती ही आता निव्वळ कल्पना राहिलेली नाही. विश्वाचा आरंभ एका अतिघन बिंदूतून झाला असावा, हे प्रथम मांडणारे जॉर्ज लमेत्र हे तर बेल्जियमचे एक धर्मगुरूच होते.

मग उत्पत्तीचा पहिला अध्याय सांगतो तरी काय? तो कुणासाठी लिहिला गेला, हे पाहिले की उलगडा होऊ लागतो. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात जेरुसलेमचा विध्वंस झाला आणि इस्राएलचे लोक बाबिलोनमध्ये बंदिवासात गेले. पुष्कळ अभ्यासकांच्या मते हा अध्याय त्या काळात आजच्या रूपास आला. बाबिलोनची स्वतःची निर्मितीकथा होती. ती विटांवर कोरलेली सापडली आणि जॉर्ज स्मिथ यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केली. (हिस्लॉप यांचे चरित्र १८८८ मध्ये लिहिणारे जॉर्ज स्मिथ निराळे, नाव एक, माणसे दोन.) त्या कथेत देवांचे युद्ध होते, मारलेल्या देवतेच्या प्रेतातून आकाश व पृथ्वी तयार होतात, आणि देवांची कष्टाची कामे करण्यासाठी माणूस घडविला जातो. गुलामीत पडलेल्या माणसांनी हे रोज ऐकले असेल : तुम्ही गुलाम आहात, कारण जगाची रचनाच तशी आहे. त्यांना उत्तर म्हणून हा अध्याय वाचून पाहा. येथे युद्ध नाही, प्रेत नाही. एक परमेश्वर शब्द उच्चारतो आणि ते होते. बाबिलोन ज्यांना देव मानून भजते ते सूर्य व चंद्र येथे नावानेही येत नाहीत. मोठी ज्योती आणि लहान ज्योती, टांगलेले दोन दिवे! आणि माणूस, पुरुष व स्त्री, परमेश्वराच्या प्रतिमेचा. शिवाय सातवा दिवस विश्रांतीचा, जो गुलामाला कधीच मिळत नाही.

लगेच दुसऱ्या अध्यायात निर्मितीची दुसरी हकीकत येते. पहिलीत प्राणी आधी व माणूस शेवटी. दुसरीत आदाम आधी व प्राणी नंतर. ग्रंथ सिद्ध करणाऱ्यांना हा फरक दिसला नसेल काय? दिसला, आणि तरी त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. घटनांची क्रमवारी हे त्यांचे काम असते, तर त्यांनी एक खोडली असती.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले व त्यांनी ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण रचले. १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. त्यातील पहिल्या पुराणात निर्मितीची कथा आहे, आणि सारा ग्रंथ प्रश्नोत्तरांतून चालतो : नवख्रिस्ती श्रोते विचारतात, पाद्रीगुरू सांगतात. मराठीत आपल्या धर्माचे पहिले मोठे पुस्तक प्रश्न विचारणाऱ्यांच्या तोंडून सुरू झाले. त्या श्रोत्यांपैकी कुणाला बाकावर उभे केल्याचे त्यात आढळत नाही.

हिस्लॉप यांच्याकडे परत येतो, कारण त्यांच्या आयुष्यातील जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अजून सांगावयाचा आहे. दगडांइतक्याच निगुतीने त्यांनी गोंडांची वाणी टिपली. एका परधान गायकाकडून त्यांनी गोंडांच्या उत्पत्तीचे आणि लिंगोचे दीर्घ गीत मूळ गोंडी शब्दांत उतरवून घेतले. देव जन्माला येतात, गोंड जन्माला येतात, महादेव त्यांच्यावर रागावतो, खारीच्या मागे धावत ते गुहेत शिरतात आणि गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा बसते. पुढे लिंगो येतो व त्यांना मुक्त करतो. या गीतात 'काचीकोपा लोहागड' असे एक स्थान येते. आज पुष्कळ गोंड भाविक ते स्थान म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड असे मानतात. माघी पौर्णिमेस तेथील गुहेपाशी दूरदूरच्या राज्यांतून लोक जमतात. एका समाजाची निर्मितीकथा वाचणारा हा ख्रिस्ती मिशनरी दुसऱ्या समाजाची निर्मितीकथा अक्षर न अक्षर लिहून ठेवतो. त्यातही बंदिवास आहे, आणि त्यातून सोडविणारा कुणी एक आहे. हिस्लॉप यांना हे साम्य जाणवले की नाही, मी सांगू शकत नाही. मला कचारगडाच्या पायथ्याशी ते जाणवले.

हे कागद छापलेले पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले होते. तेथून बोरीच्या शाळेला भेट देऊन घोड्यावरून परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. सेहेचाळिसाव्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते. टेंपल यांनी त्यांची टिपणे जमवून, संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून ते गीत आज आपल्या हाती आहे.

ही हकीकत सांगता सांगता तळ्यावरचे धुके केव्हाच विरून गेले होते. वाचकांना व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा' या पुस्तकामुळे हे रान परिचित असेलच. नागदेवता आणि बारमाही झरा यांवरून त्याला हे नाव पडले असे सांगतात. १९७० साली ते अभयारण्य झाले तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. येथील खडक टाकळीच्या खडकांहून फार फार जुने. पूर्वेकडील आमगावच्या नावाने ओळखला जाणारा पट्टेदार खडक तर दोन अब्ज वर्षांपलीकडचा. त्यात शिंपला नाही, पान नाही, हाड नाही. पृथ्वीवर अजून असे काही जन्मलेलेच नव्हते.

भाच्याने विचारले, "मग मामा, आपण त्या अध्यायाने बांधले जातो ते कशाने?" मी त्याला पुढचा अध्याय, पंधरावे वचन दाखविले. आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात याच वचनावर भर दिला आहे. तो म्हणाला, "राखण? म्हणजे वनरक्षकाचे काम." मी म्हटले, तसेच म्हण.

परत निघताना वाटेत त्याला गारेचा एक पांढरा, अभ्रकाने चमचमणारा तुकडा दिसला. त्याने तो उचलला, उन्हात फिरवून पाहिला आणि सवयीने खिशात टाकला. बरोबरचा वनरक्षक, जवळच्याच गावातला गोंड तरुण, संकोचाने म्हणाला, "दादा, इथून दगडसुद्धा नेता येत नाही." भाचा खजील झाला. चार पावले मागे जाऊन त्याने तो तुकडा नेमका ज्या खोबणीतून उचलला होता तीत ठेवला, वरची पाने पूर्ववत सारली, आणि आम्ही पुढे चालू लागलो. साकोलीला पोहोचेपर्यंत तो काही बोलला नाही. बसमध्ये चढताना मात्र त्याने विचारले, "नागपूरला सकाळचा मिस्सा किती वाजता असतो?"